तळ्यांतून नदींत : नावेच्या प्रवासाचा एक धडा

आपण वऱ्हाडचे लोक काळ्या मातीचे. कासरा कसा धरावा हें आपल्या खेड्यांतील मुलास कोणीं शिकवावें लागत नाहीं. परंतु वल्हें कसें धरावें असें वर्गांत विचारलें, तर सारीं मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. कोकणांतील मुलास होडी घरच्या अंगणासारखी ओळखीची असते; आपणांस ती तशी नाहीं. आपल्या नद्या पावसाळ्यांत दोन्ही थडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यांत वाळूचे पट्टे होऊन पडून राहतात. म्हणून नकाशावर नदीची निळी रेघ काढणें आपल्यास जितकें सोपें, तितकें तिच्या पाण्यावरून प्रवास करणें सोपें नाहीं.

परंतु गेल्या अर्धशतकांत आपल्या दारीं मोठमोठीं तळीं निर्माण झालीं आहेत. अकोल्याचे लोक जें पाणी पितात, तें महान येथील काटेपूर्णा धरणांतून येतें. अमरावतीचे लोक जें पितात, तें मोर्शीजवळ सिंभोरा येथें वर्धा नदीवर बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणांतून येतें. ह्या दुसऱ्या जलाशयास नल-दमयंती सागर असें नांव आहे. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तेव्हां तिच्या नांवाचें तळें तिच्याच देशांत असावें हें योग्यच झालें. सुटीच्या दिवशीं मुलें आईबापांसह अशा तळ्यांच्या कांठीं जातात, आणि नाव दिसली कीं तींत बसण्याचा हट्ट धरतात. हा हट्ट वाईट नव्हे. परंतु नावेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे, आणि तीच सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे : तळ्याचें पाणी आणि नदीचें पाणी एकच असलें, तरी दोहोंचे नियम एक नाहींत.

वर्धेची ओळख

वर्धा नदी मध्य प्रदेशांतील बैतूल जिल्ह्यांत, मुलताईच्या परिसरांत, सातपुड्याच्या डोंगरांत उगम पावते. तेथून ती दक्षिणेकडे उतरून महाराष्ट्रांत येते आणि बऱ्याच अंतरापर्यंत अमरावती जिल्ह्याची पूर्वेकडील सीमा होते. सुमारे ५२८ किलोमीटर वाहिल्यावर तिची वैनगंगेशीं गांठ पडते. दोघींच्या मिळून झालेल्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात. प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि हें पाणी शेवटीं बंगालच्या उपसागरास जातें. काटेपूर्णेची वाट नेमकी उलट आहे. ती पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस मिळते, आणि तापी पश्चिमेस अरबी समुद्रास मिळते. अमरावती व अकोला हे शेजारचे जिल्हे. परंतु एकाचें मोठें तळें पूर्वसमुद्राच्या वाटेवर आहे, तर दुसऱ्याचें पश्चिमसमुद्राच्या.

महानच्या धरणांत उपयोगास येणारें पाणी ८६.३५ दशलक्ष घनमीटर मावतें, आणि सिंभोऱ्याच्या धरणांत ५६४.०५ दशलक्ष घनमीटर. म्हणजे सुमारे साडेसहा पट. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तेव्हां दुसऱ्या आंकड्याचे लिटर किती होतात, तें मुलांनीं वहींत काढून पाहावें. उत्तर ५६,४०५ कोटी लिटर येईल. सिंभोऱ्याच्या धरणाची भिंत सुमारे सहा किलोमीटर लांब असून पुराचें पाणी सोडण्यास तींत १३ दरवाजे आहेत. एवढ्या विस्ताराच्या पाण्यावर लहानशी नाव घालणें हा खेळ नव्हे, हें ह्या आंकड्यांवरूनच ध्यानांत यावें.

नावाड्याचा शब्द

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत मी माझ्या भाच्यास घेऊन ह्या जलाशयावर गेलों होतों. एका वृद्ध मच्छीमाराच्या डोंग्यांतून वरच्या अंगास जाण्याचा योग आला. आम्ही तिघेच होतों. तरीहि नावाड्यानें आम्हांस बसण्याच्या जागा नेमून दिल्या, "उभं राहाचं नाही" असें बजावलें, आणि मगच डोंगा कांठापासून लोटला. अंगावर तरंगणारें जाकीट आमच्यापैकीं कोणाच्याच नव्हतें. ती माझी चूक होती. आज मी तसा बसणार नाहीं व भाच्यासहि बसूं देणार नाहीं.

सकाळची वेळ होती. वारा पडला होता आणि पाणी परातींत ओतल्यासारखें स्थिर होतें. वल्ह्याच्या प्रत्येक ओढीसरशी डोंगा सरळ पुढें जाई. एके ठिकाणीं वाळलेल्या झाडाचा शेंडा पाण्याबाहेर डोकावत होता. नावाड्यानें त्यास दूरचा वळसा घातला. मीं कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "वरतून एक खांदी दिसते, खाली पुरं झाड उभं हाये."

सुमारे दोन तासांनीं तळें अरुंद होऊं लागलें. पाण्याचा निळसर रंग जाऊन तें मातकट दिसूं लागलें. नावाड्यानें वल्हीं आंत घेतलीं आणि लांब बांबूनें तो तळ चांचपूं लागला. इतक्यांत डोंगा, कोणीं न वळवितां, थोडा आडवा झाला. भाच्यानें टाळी वाजविली आणि तो म्हणाला, "मामा, आपण नदींत आलों!" म्हाताऱ्यानें मात्र बांबू तळांत रोंवून डोंगा थांबविला. "गुरुजी," तो म्हणाला, "इथलोग तयाचं पानी. आता नदीचा कायदा. एवढ्या डोंग्यानं पुढं नाही जाचं."

भाचा हिरमुसला, आणि खरें सांगावयाचें तर मीहि हिरमुसलों. पुढील पाणी कांहीं भयंकर दिसत नव्हतें. मीं त्यास थोडे अधिक पैसे देऊं केले. त्यानें हंसून मान हलविली आणि डोंगा परत फिरविला. म्हातारा आळशी असावा, असें घरीं येईपर्यंत माझ्या मनांत होतें. पुढें शांतपणें विचार केला तेव्हां उमगलें कीं, जो विषय मी भूगोलाच्या व गणिताच्या तासाला फळ्यावर शिकवितों, तोच त्यानें हातांतील बांबूनें शिकविला होता. आणि विद्यार्थी मंद निघाला तो मीच. "नदीचा कायदा" म्हणजे काय, हें आतां क्रमानें पाहूं.

तळें कोठें संपतें?

नदी तळ्यास मिळते तेथें शेताच्या धुऱ्यासारखी खूण नसते. वाहती नदी आपल्याबरोबर गोटे, वाळू आणि माती घेऊन येते. हें ओझें वाहण्याची शक्ति तिला वेगामुळें येते. स्थिर पाण्यांत शिरतांच तिचा वेग मंदावतो आणि ओझें खालीं पडूं लागतें. जड तें आधीं आणि हलकें तें मागून, असा क्रम असतो : प्रथम गोटे व जाड वाळू, मग बारीक वाळू, आणि शेवटीं मऊ गाळ, जो तळ्यांत दूरवर जाऊन बसतो. अशा रीतीनें खोल तळें आणि वाहती नदी यांच्या मध्यें उथळ पाण्याचा एक उंबरठा तयार होतो. कांठावरून पाहणाऱ्यास पाण्याचा एकच सपाट विस्तार दिसतो; नाव मात्र ह्याच उंबरठ्यावर रुतते.

तेथेंच ती आडवीहि होते. नावेचें नाक प्रवाहांत शिरलें आणि मागील भाग अजून स्थिर पाण्यांत असला, म्हणजे जरा तिरका लागलेला प्रवाह नाकास बाजूस लोटतो. मागील भाग मात्र जागच्या जागीं राहतो. आमचा डोंगा आपोआप वळला त्याचें कारण हेंच. ज्यास हें ठाऊक नाहीं तो ऐन त्या वेळीं गोंधळून उभा राहतो, आणि नाव उलटण्यास तेवढें पुरतें.

शिवाय हा उंबरठा वर्षभर एका जागीं नसतो. पावसाळ्याच्या शेवटीं तळें भरलें म्हणजे त्याचें स्थिर पाणी नदीच्या पात्रांत पुष्कळ वरपर्यंत चढतें. वैशाखांत तें ओसरलें म्हणजे जेथें नावा चालत होत्या तेथें गुरें चरतांना दिसतात. मागील सालीं एखादी जागा खोल होती म्हणून यंदाहि ती खोल असेल, असें कोणीं धरून चालूं नये. साताऱ्याकडील शिवसागर जलाशय पुष्कळांनीं पाहिला असेल. कोयनेच्या धरणामुळें झालेल्या त्या जलाशयावर तापोळा व बामणोली येथून नावा चालतात, आणि वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशीं लोक नावेनेंच जातात. तो जलाशय म्हणजे वस्तुतः कोयना व सोळशी ह्या नद्यांच्या बुडालेल्या दऱ्याच होत. अशा तळ्याचा कोणताहि फांटा धरून वर गेलें असतां शेवटीं एखादी नदी किंवा ओढा लागतो, आणि तेथें पुन्हां हाच उंबरठा भेटतो.

तळ्याचा नियम : वारा

उघड्या, खोल तळ्यांत नावेचा मुख्य वैरी म्हणजे वारा. लाट किती उंच उठेल हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें : वाऱ्याचा वेग किती, तो किती वेळ वाहिला, आणि पाण्यावरून किती अंतर चालून आला. गांवच्या लहान तलावावर सोसाट्याचा वारा सुटला तरी लाटेस वाढण्यास जागाच नसते. कित्येक किलोमीटर पसरलेल्या जलाशयावर तोच वारा नावेच्या कडेवरून पाणी आंत टाकील एवढी लाट उठवितो.

ह्यांत एक फसवणूक आहे, ती ध्यानांत ठेवावी. ज्या कांठाकडून वारा येत असतो, त्या कांठाजवळ पाणी शांत दिसतें, कारण तेथें लाटेचा नुकता जन्म होत असतो. त्या शांततेस भुलून जो निघतो, त्यास पलीकडील कांठाजवळ त्याच लाटा मोठ्या होऊन भेटतात. म्हणून जाणता नावाडी पायाशीं असलेल्या पाण्याकडे पाहून निघत नाहीं. दूरच्या पाण्याकडे पाहून निघतो.

ह्याचें जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे गालीलाचा समुद्र. नांवानें तो समुद्र असला तरी वस्तुतः तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर व रुंदी अधिकांत अधिक सुमारे १३ किलोमीटर. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून सुमारे २१० मीटर खालीं असून भोंवतीं डोंगर आहेत. डोंगरावरील थंड हवा खोलगटांतील उष्ण हवेकडे एकदम उतरली, म्हणजे थोड्याच वेळांत सरोवर खवळतें. शुभवर्तमानांतील वादळाची कथा आपण वाचतों, तेव्हां एक गोष्ट विसरूं नये : त्या नावेंत घाबरलेले लोक नवखे नव्हते, त्यांतील कित्येक ह्याच सरोवरावर मासे धरून पोट भरणारे होते. जाणता कोळीहि तळ्यास भितो, एवढें तरी भूगोलाच्या विद्यार्थ्यानें त्यांतून घ्यावें.

नदीचा नियम : प्रवाह

नदींत वाऱ्याहून प्रवाहाची सत्ता मोठी. प्रथम हिशेब पाहूं.

समजा, एक नाव स्थिर पाण्यांत ताशीं ६ किलोमीटर चालते, आणि तिला १२ किलोमीटर जाऊन परत यावयाचें आहे. तळ्यांत तिला जाण्यास २ तास व येण्यास २ तास, मिळून ४ तास लागतील. आतां तेंच अंतर ताशीं २ किलोमीटर वाहणाऱ्या नदींत घ्या. प्रवाहाविरुद्ध जातांना नावेचा वेग ४ उरतो, म्हणून ३ तास. प्रवाहाबरोबर येतांना तो ८ होतो, म्हणून दीड तास. एकूण साडेचार तास. "जातांना जें गेलें तें येतांना परत मिळेल, तेव्हां चारच तास लागतील," असें पुष्कळ मुलें उत्तर देतात. पण तसें होत नाहीं. प्रवाह ताशीं ४ किलोमीटर झाला तर जाण्यास ६ तास आणि येण्यास १ तास १२ मिनिटें, एकूण ७ तास १२ मिनिटें लागतील. आणि प्रवाह ताशीं ६ किलोमीटर झाला, तर नावाडी घामाघूम होईल, पण नाव जागची हलणार नाहीं. प्रवाह देतो थोडें आणि घेतो फार. आणि दिवस मावळण्याची वेळ कांहीं तो आपल्यासाठीं पुढें ढकलीत नाहीं.

दुसरी गोष्ट रेट्याची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर आडव्या वस्तूवरील त्याचा रेटा दुप्पट न होतां चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर नऊपट. गुडघाभर पाण्यांत उभा असलेला धडधाकट माणूस एकाएकीं कां वाहून जातो, ह्याचें उत्तर ह्या नियमांत आहे. नाव आडवी झाली म्हणजे तिची सगळी लांबी ह्या रेट्यापुढें येते. म्हणून नदींत नावेचें नाक प्रवाहाच्या रेषेंत ठेवणें हें नावाड्याचें पहिलें काम.

तिसरी गोष्ट अशी कीं, नदीचें पाणी सर्वत्र सारखें नसतें. वळणावर बाहेरच्या अंगास पाणी खोल व वेगवान असतें. आंतल्या अंगास तें मंद होऊन वाळू टाकतें. मोठ्या खडकाच्या मागें पाणी उलटें फिरतें आणि भोवरा होतो. धबधब्याच्या वरचें पाणी कित्येकदां अगदीं गुळगुळीत दिसतें. त्याचा आवाज पुढें असतो, आणि तो कानीं पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

चौथी गोष्ट सर्वांत फसवी आहे. नदीला पाणी येतें तें आपल्या डोक्यावरील आभाळांतूनच येतें असें नाहीं. बैतूलकडील डोंगरांत रात्रीं पाऊस झाला, तर सकाळीं आपल्याकडे ऊन असतांना वर्धा चढूं शकते. पाणी एकाएकीं गढूळ होणें, काडीकचरा वाहून येऊं लागणें, कांठावरचा ओळखीचा दगड बुडणें, ह्या तिच्या सूचना होत. त्या दिसतांच विलंब न लावतां कांठ गांठावा. धरणाखालच्या गांवीं राहणाऱ्यांनीं तर दरवाजे उघडण्यापूर्वीं जो इशारा दिला जातो, तो कधींहि हंसण्यावारीं नेऊं नये.

यार्देनचा प्रवास

वर्धेच्या जलाशयांत नदी जेथून येते ती बाजू नावेस मोकळी असते; जेथून ती निघते ती बाजू भिंतीनें बंद असते. परंतु जेथें धरण नाहीं अशा सरोवरांतून नाव थेट खालच्या नदींत नेतां येते. असा एक प्रवास इतिहासांत प्रसिद्ध आहे.

इ. स. १८४८ सालीं अमेरिकेच्या आरमारांतील लेफ्टनंट विल्यम लिंच याच्याकडे गालीलाच्या समुद्रांतून यार्देन नदीनें मृत समुद्रास जाण्याची कामगिरी होती. त्यानें दोन नावा मुद्दाम धातूच्या करवून घेतल्या; एक तांब्याची, दुसरी जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची. समुद्रकिनाऱ्यावरून त्या गाड्यांवर चढवून उंटांकडून डोंगर ओलांडून ओढवीत नेल्या आणि तिबिर्याजवळ सरोवरांत सोडल्या. तेथें त्यानें एक लाकडी नावहि विकत घेतली. एप्रिलच्या १० तारखेस ही मंडळी निघाली. सरोवर त्यांनीं सहज ओलांडलें. नदी लागली आणि सारें बदललें. सरळ रेषेंत अंतर सुमारे १०० किलोमीटर. परंतु यार्देन इतकी नागमोडी कीं नदीच्या वाटेनें तें ३२० किलोमीटरांच्या घरांत जातें, असा लिंचचा अंदाज झाला. शिवाय सरोवरापासून मृत समुद्रापर्यंत पाणी जवळजवळ २०० मीटर खालीं उतरतें. धोक्याचे खळाळ त्यानें २७ मोजले. लाकडी नाव ह्या खळाळांत निकामी झाली आणि सोडून द्यावी लागली. धातूच्या दोन्ही नावांस पोंचे पडले, पण त्या फुटल्या नाहींत. कारण लाकूड तडकतें तेथें तांबें व लोखंड वांकतें. १८ तारखेस त्या मृत समुद्रांत पोंचल्या.

लिंच यशस्वी झाला तो धाडसामुळें, असें म्हणणें अर्धेंच खरें होईल. सरोवरास जी नाव पुरते ती नदीस पुरणार नाहीं, हें त्यानें निघण्यापूर्वींच ओळखलें होतें. आज तो प्रवास त्याप्रमाणें करतां येणार नाहीं. यार्देनचें बहुतेक पाणी शेतीसाठीं व पिण्यासाठीं वरच्यावर काढून घेतलें जातें, आणि खालीं बारीक धार उरते. धडा मात्र उरला आहे.

ओझ्याचा हिशेब

तळें असो वा नदी असो, एक नियम दोहोंकडे सारखाच लागू आहे. तो आर्किमिडीजचा. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते. समजा, एका सपाट तळाच्या नावेची लांबी ५ मीटर, रुंदी १ मीटर आणि बाजू उभ्या आहेत. ती १ सेंटिमीटर खालीं गेली तर ५० लिटर, म्हणजे ५० किलोग्रॅम पाणी बाजूस सरेल. उलटपक्षीं, दर ५० किलोग्रॅम ओझ्यानें ती १ सेंटिमीटर बुडेल. ६० किलोग्रॅम वजनाचीं १२ माणसें बसलीं, तर ७२० किलोग्रॅम ओझें झालें; नाव १४.४ सेंटिमीटर खालीं गेली. रिकामी असतांना तिची कड पाण्यावर २५ सेंटिमीटर होती असें धरलें, तर आतां १०.६ सेंटिमीटर उरली. म्हणजे अर्धी वीत. आपले डोंगे दोन्ही टोकांस निमुळते असतात, म्हणून ते ह्याहून अधिक बुडतात. आतां अर्ध्या वितीहून मोठी लाट आली, किंवा कांहीं तरी पाहण्यासाठीं चारचौघे एका बाजूस झुकले, कीं पाणी आंत आलें. आंत आलेलें पाणी नाव ज्या बाजूस कललेली असेल त्याच बाजूस धांवतें आणि तिला आणखी कलवितें. मग सांवरण्यास वेळ राहत नाहीं. "आणखी एकच बसूं दे," असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तो हा हिशेब केल्यावांचून म्हणत असतो.

झुंज येथील दिवस

हें सारें पुस्तकी वाटूं नये म्हणून एक दुःखद गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत, वरूड तालुक्यांतील झुंज या वर्धाकांठच्या ठिकाणाजवळ नाव उलटून ११ माणसें बुडालीं. तीं एकमेकांचीं आप्त होतीं. घरांतील मृत व्यक्तीच्या उत्तरक्रियेसाठीं जमलीं होतीं. झुंज हें धबधब्याचें ठिकाण सिंभोऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या बाजूस आहे. एका दुःखासाठीं एकत्र आलेल्या कुटुंबावर त्याहून मोठें दुःख कोसळलें. कोणास दोष देण्यासाठीं मीं हा उल्लेख केलेला नाहीं. परंतु ती बातमी वाचली तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें तो म्हातारा नावाडी उभा राहिला, आणि मीं त्यास अधिक पैसे देऊं केले होते ह्याची मला लाज वाटली. त्यानें ते घेतले असते तर नदीनें आमच्यावर दया केलीच असती, असें मी कशाच्या आधारावर म्हणूं?

म्हणून पालकांस माझी नम्र विनंति आहे. मुलांस पाण्यापासून दूर ठेवूं नका. त्यांना पोहणें शिकवा, नाव दाखवा, आपल्या नद्या दाखवा. पण नावेंत बसतांना प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारें जाकीट असलें पाहिजे. तें नसेल तर तो दिवस कांठावर काढावा. माणसें मोजूनच बसावें आणि बसल्यावर उठूं नये. पावसाळ्यांत नदीकडे नाव नेऊं नये. दैवयोगानें नाव उलटलीच, तर कांठ जवळ दिसतो म्हणून तिला सोडून पोहत सुटूं नये. लाकडी नाव उलटली तरी बहुधा तरंगते, तिला धरून राहावें. कोणी बुडत असल्यास पोहतां न येणाऱ्यानें त्याच्यामागें उडी घालूं नये. दोर, बांबू, धोतर, साडी, जें हातीं येईल तें त्याच्याकडे फेंकावें. आणि नावाडी "नाही" म्हणाला, तर त्यास आळशी म्हणूं नये, पैशाचा मोहहि दाखवूं नये. त्याचें "नाही" ऐकण्यानें आपला एक तास जातो, एवढेंच.

माझा भाचा आतां मोठा झाला आहे. ह्या लेखांतील नावेच्या ओझ्याचा हिशेब त्यानेंच मला तपासून दिला.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. स्थिर पाण्यांत ताशीं ५ किलोमीटर चालणारी नाव ताशीं ३ किलोमीटर वाहणाऱ्या नदींत ८ किलोमीटर वर जाऊन परत आली. तिला एकूण किती वेळ लागला? तळ्यांत किती लागला असता?

२. ४ मीटर लांब व १ मीटर रुंद अशा सपाट, उभ्या बाजूंच्या नावेंत ५० किलोग्रॅम वजनाचीं ८ मुलें बसलीं. नाव किती सेंटिमीटर खालीं जाईल?

३. नदी तळ्यास मिळते तेथें गोटे आधीं व गाळ मागून कां पडतो? एका बाटलींत वाळू, माती व पाणी घालून हलवा, मग ती स्थिर ठेवून काय होतें तें पाहा.

४. अकोल्याच्या तळ्यांतील पाणी आणि अमरावतीच्या तळ्यांतील पाणी समुद्रापर्यंत कोणकोणत्या नद्यांनीं जातें, तें नकाशा काढून दाखवा.

५. तुमच्या गांवाजवळील तळ्यास कोणती नदी किंवा कोणता नाला मिळतो? तळें कोठें संपतें, हें तेथील एखाद्या जाणत्या नावाड्यास अगर मच्छीमारास विचारा, आणि त्याचें उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणा.